मेलेली कॉइल

दादाचं म्हणणं एकच, की हल्ली कशातच दम उरलेला नाही. चहात नाही, माणसांत नाही आणि कॉइलमध्ये तर नाहीच नाही.

चहाचं तर रोजचंच झालं होतं. बायको पेला हातात द्यायची. हा आधी पेला मुठीत गच्च धरायचा आणि मग तिच्याकडे असा बघायचा, जणू तिनं त्यात विष कालवलंय. "कोमट! रोज मेलं कोमट!" ती म्हणायची, "अहो, आत्ता चुलीवरून उतरवलाय, वाफ दिसत नाही का?" मग हा रागारागानं मोठा घोट घ्यायचा, जीभ पोळायची आणि त्याचं खापरही तिच्याच डोक्यावर. बाई शहाणी म्हणून गप्प बसायची. नाहीतर तोच पेला त्याच्या डोक्यावर रिकामा करावा, असा तो माणूस झाला होता.

कॉइलची, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी करंट वाढवणाऱ्या डब्याची, तऱ्हा तीच. दादाचं गॅरेजमधलं काम म्हणजे गाडीचा करंट. बॅटरीपासून प्लगच्या टोकापर्यंत जे काही वाहतं, ते त्याचं. उभ्या आयुष्यात त्यानं मीटरला हात लावला नाही. कॉइलची मुख्य वायर सगळ्या प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधून उपटायची, तिचं टोक उघड्या बोटांत धरायचं आणि गाडीत बसलेल्याला ओरडून सांगायचं, "मार स्टार्टर!" करंट बोटांतून शिरून खांद्यापर्यंत उसळला, की कॉइल जिवंत. नुसती मुंगी चावल्यासारखं झालं, की कॉइल मेलेली. लोक मुद्दाम बघायला थांबायचे. "मीटर खोटं बोलेल, माझी बोटं बोलणार नाहीत," असं तो छाती काढून सांगायचा, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ वर्षं ती बोटं खोटं बोललीही नाहीत.

हल्ली मात्र जी कॉइल धरावी ती मेलेली निघायची. स्पेअर पार्टवाल्याकडे जाऊन दादानं दोन कॉइल त्याच्या टेबलावर आदळल्या होत्या. "खोक्यात माती भरून विकतोस का रे?" स्पेअरवाल्यानं त्याच्यादेखत मीटर लावून दाखवला, तर दादा म्हणाला, "तुझा मीटरही तुझ्यासारखाच." तेव्हापासून त्या दुकानात दादा दिसला, की शटर अर्धं खाली यायचं.

आता धाकट्या भावाचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्याचे केस पांढरे झाले तरी घरचे त्याला छोट्याच म्हणत. छोट्याकडे इंजिनाचं काम: कार्ब्युरेटर, व्हॉल्व्ह, पिस्टन, तेलातलं जे काही असेल ते. दोघं भाऊ एकाच छपराखाली, एकाच बॉनेटखाली डोकं घालून काम करायचे आणि एकमेकांना पाण्यात बघायचे. कुणी काय कुणाचं घोडं मारलं होतं, ते दोघांनाही आता धड आठवत नव्हतं, पण भांडण काही त्यासाठी थांबत नाही. नियम एवढाच होता, की दादाच्या वायरींना छोट्यानं हात लावायचा नाही आणि छोट्याच्या नटबोल्टांना दादानं. बाप हुशार. त्यानं पोरांना ओळखलं होतं, म्हणून मरताना गॅरेज दोघांच्याही नावावर न करता थोरल्या लेकीच्या, ताईच्या नावावर केलं. "भाऊ भांडले तर निदान वाटणी व्हायची नाही," म्हणाला म्हणे.

अशा गॅरेजमध्ये सगळ्यांत वाईट गाडी कुठली, तर मिसिंग करणारी. टायर पंक्चर असला तर पंक्चरच असतो. पण इंजिन चालता चालता मधेच एक ठोका चुकवायला लागलं, तर दोष करंटचाही असू शकतो आणि इंजिनाचाही. म्हणजे दादाचा किंवा छोट्याचा. अशी गाडी आत आली, की तिचा मालक बाहेर बाकावर बसायचा आणि आतून बोंबाबोंब ऐकू यायची.

आणि या खेपेला तशी गाडी ताईचीच निघाली.

गाडी जुनी. ताईच्या नवऱ्यानं हौसेनं घेतलेली, आणि तो गेल्यावर ताईनं हट्टानं स्वतः चालवायला शिकलेली. बरेच दिवस ती ठोका चुकवत होती. सपाट रस्त्यावर बरी चालायची, चढ लागला की खोकला लागलेल्या म्हाताऱ्यासारखी अडायची. दादानं कॉइल बदलली. मग पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, सगळ्या प्लगच्या वायरी नव्या टाकल्या. मग पुन्हा कॉइल. गाडी तशीच. छोट्या हे सगळं बघत होता आणि पाना पुसत पुसत मोठ्यानं, पण भिंतीकडे तोंड करून म्हणत होता, "व्हॉल्व्ह जळालाय. इंजिनाचं हेड उघडल्याशिवाय काही होणार नाही. पण सांगणार कुणाला? सुंभ जळेल, पीळ जाणार नाही."

"तू हेड उघडशील, तर मी तुझं डोकं उघडेन," दादा म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी ताईची गाडी पुलाच्या चढावर बंद पडली. बंद पडली ती पडली, वर मागं घसरायला लागली. मागं भरलेला ट्रक होता. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून ताई वाचली, नाहीतर दोन्ही भावांना तिच्या नावानं रडायला बसावं लागलं असतं. हुंदके देणारी गाडी तिनं कशीबशी गॅरेजमध्ये आणली, दरवाजा धाडकन लावला आणि पर्स बाकावर फेकली. 

"आज मी इथून हलणार नाही," ताई म्हणाली. "माझ्यादेखत बघायचं. दोघांनी मिळून."

"मिळून?" दादा म्हणाला. "याच्याबरोबर? त्यापेक्षा मी बैलाबरोबर बघेन."

"बैलाला निदान कळतं, गाडी कुठं ओढायची," छोट्या म्हणाला, आणि या वेळी भिंतीकडे बघून नव्हे, सरळ ताईकडे बघून पुढं बोलला. "ताई, मी आज स्पष्टच सांगतो. दादाचं काम संपलंय. त्यानं टाकलेला एक पार्ट धड चालत नाही. गिऱ्हाईकं परत परत येतात, मी शिव्या खातो. आज तुझा जीव जाणार होता. त्याला घरी बसव."

 अशी गोष्ट मनात सगळ्यांच्या असते, पण तोंडातून बाहेर पडली, की परत आत घालता येत नाही.

दादाचा चेहरा लालबुंद झाला. "मला? मला घरी बसवणार? अरे, तुझ्या नाकाला शेंबूड होता तेव्हा मी या बॉनेटखाली उभा होतो! आता नाकानं कांदे सोलायला लागलास?"

"मग सांग ना, गाडीला काय झालंय? एवढे दिवस सांगता आलं नाही ते!"

"स्पार्क आहे. लिहून घे. स्पार्कच आहे."

"व्हॉल्व्ह आहे."

"ठीक आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त भीतीचं होतं. "व्हॉल्व्ह निघाला, तर मोठ्या, उद्यापासून तू घरी. मी सांगते आहे, दुकान माझ्या नावावर आहे. आणि स्पार्क निघाला, तर छोट्या, हा विषय पुन्हा तुझ्या तोंडून मला ऐकू यायचा नाही. मरेपर्यंत. कबूल?"

"कबूल," छोट्या म्हणाला.

 घरी बसायचं म्हणजे काय, ते दादाच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं होतं. खिडकीशी खुर्ची, हातात कोमट चहा आणि बाहेरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजावरून तिचा रोग ओळखायचा आणि ऐकवायचा कुणाला, तर भिंतीला. त्यापेक्षा मेलेलं बरं. बोलून दाखवलं असतं तर छोट्यानं टाळ्या वाजवल्या असत्या, म्हणून तो नुसता "घोडामैदान जवळच आहे" म्हणाला आणि बाह्या मागं सारून गाडीकडे गेला.

गाडी सुरू होतीच. बॉनेट उघडलं, तर इंजिन लंगडत होतं. तीन पावलं सरळ आणि एक पाऊल खड्ड्यात, असा तो आवाज. सायलेन्सरमधून पुक, पुक, पुक, आणि मधेच एक रिकामं. चारातला एक सिलिंडर काम करत नव्हता, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. कुठला आणि का, एवढंच शोधायचं होतं.

दादानं इंजिन बंद करायला लावलं आणि कॉइलची मुख्य वायर उपटली. "ताई, बस आत. मी सांगितलं की स्टार्टर मार." त्यानं वायरीचं टोक डाव्या हाताच्या बोटांत धरलं. "मार!"

इंजिन घरघरलं. दादा डोळे मिटून उभा होता, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा. मनगटात काहीतरी हललं, कोपरात किंचित उसळी आली. बोटांत मात्र काही नाही. मुंगीसुद्धा नाही.

"मेलेली!" दादा ओरडला. त्या ओरडण्यात आनंद होता. "बघितलंस? परवाच टाकलेली कॉइल, आणि मेली! त्या चोरानं पुन्हा माती विकली मला. नवी कॉइल आणा, गाडी धावेल."

"तिसरी कॉइल?" छोट्या म्हणाला. "नाचता येईना, अंगण वाकडं. आण इकडे ती वायर."

"माझ्या वायरीला हात लावायचा नाही!"

"ताईसमोर ठरलंय, दोघांनी मिळून बघायचं." छोट्यानं दादाच्या हातातून वायर हिसकली. त्याला दादाचं नाटक उघडं पाडायचं होतं, दुसरं काही नाही. त्यानं टोक बोटांत धरलं. "मार गं ताई!"

स्टार्टर घरघरला आणि छोट्या एकदम मागं फेकला गेला. त्याचं कोपर बॉनेटच्या दांडीवर आपटलं. "आई गं!" अशी त्यानं जी किंकाळी फोडली, ती ऐकून ताई गाडीतून धावत बाहेर आली. छोट्या दुसऱ्या हातानं कोपर धरून वाकला होता. तोंड पांढरंफटक.

"नाटकी!" दादा म्हणाला. "लहानपणापासूनचा नाटकी. आठवतं का गं ताई, शाळेला दांडी मारायची म्हणून पोटात दुखतंय, पोटात दुखतंय?"

"दादा," छोट्या दम टाकत म्हणाला, "ही कॉइल म्हैस मारेल."

"मग मला का नाही लागली?"

"तेच तर मी विचारतोय."

 दादानं खांदे उडवले. "माझ्या हातांना सवय आहे. तुझे हात लोण्याचे."

पण छोट्या आता वेगळ्याच नजरेनं बघत होता. चिडलेला माणूस असा बघत नाही. दादाला ती नजर मुळीच आवडली नाही. शिवी दिली असती तर त्यानं दोन परत दिल्या असत्या. या नजरेला काय द्यायचं, ते त्याला सुचेना.

"कॉइल राहू दे," छोट्या म्हणाला. "आधी कुठला सिलिंडर मेलाय ते बघू. गाडी चालू करून जरा तापू दे. एक्झॉस्टच्या नळ्यांवर पाणी मारतो. जी नळी थंड, तो सिलिंडर मेलेला."

"पाणी!" दादानं तोंड वाकडं केलं. "पाणी मारून बघायला काय भाजी धुतोस? देवानं हात कशाला दिलेत? बापानं आपल्याला हातानं शिकवलं, पाण्यानं नाही."

हे मात्र खरं होतं. बाप असाच बघायचा. इंजिनाच्या कुशीतून एक्झॉस्टच्या चार नळ्या निघतात. सिलिंडर जळत असला, की त्याची नळी काही मिनिटांत तव्यासारखी तापते. जो सिलिंडर जळत नाही, त्याची नळी थंड राहते. बाप बोटाचं टोक नळीला नुसतं टेकवल्यासारखं करायचा आणि चटका बसायच्या आत उचलायचा. टप, टप, टप, टप. "हा मेला," म्हणायचा. दादानं हे त्याच्याकडून घेतलं होतं, आणि छोट्याला ते कधी जमलं नाही. छोट्या भाजून घ्यायचा आणि रडायचा. त्यावरून दादानं त्याला पुढं कित्येक वर्षं चिडवलं होतं.

मुख्य वायर पुन्हा जागेवर गेली आणि ताईनं गाडी चालू केली. इंजिन लंगडत लंगडत तापलं. पुक, पुक, पुक, रिकामं. नळ्यांवरून गरम हवा थरथरायला लागली. दादा बॉनेटखाली वाकला. आता कसं, सगळं त्याच्या हातात होतं. मेलेला सिलिंडर दाखवायचा, त्याचा प्लग काढायचा, काळाठिक्कर आणि ओला प्लग ताईच्या नाकासमोर धरायचा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

त्यानं पहिल्या नळीला बोट लावलं आणि चटक्याची वाट बघितली. चटका आला नाही.

"पहिला मेला," तो म्हणाला. स्वतःलाच नवल वाटलं त्याला. पहिल्याच झटक्याला सापडला. खात्री करायची म्हणून त्यानं तर्जनीला जोडून मधलं बोटही टेकवलं आणि दोन्ही दाबली. "थंडगार. बघ, छोट्या, बघ! हा पहिला सिलिंडर..."

वास आला. केस जळल्यासारखा, काहीसा गोडसर, वाईट. दादाचं नाक करंटवाल्याचं. त्यानं तिथंच मान वळवली. "कुठली वायर जळतेय? बघा रे, कुठली तरी वायर जळतेय!"

ताई तोंडावर हात ठेवून उभी होती. 

छोट्यानं झेप घेऊन दादाचं मनगट धरलं आणि हात खेचून बाहेर काढला. नळीवर एक पांढुरका तुकडा चिकटून राहिला आणि तिथंच करपत गेला.

"सोड! काय करतोस? सोड मला!" दादा ओरडत होता. छोट्या ऐकेना. त्यानं दादाला ढकलत ढकलत पंक्चर काढायच्या टाकीपाशी नेलं आणि त्याचा हात कोपरापर्यंत पाण्यात दाबला. दोघं झटापट करत होते, लहानपणी करायचे तशी. टाकीतलं पाणी दोघांच्या पायांवर सांडलं.

"माझ्या अंगाला हात लावतोस? थोरल्या भावाच्या?"

"दुखतंय का?" छोट्या ओरडला.

"नाही!"

"दुखतंय का, दादा?"

"नाही म्हणालो ना! अजिबात दुखत नाही! मी काय तुझ्यासारखा..."

आणि दादा थांबला. आपण काय बोललो ते त्याच्याच कानांना ऐकू आलं. पाण्याखाली बोटं दिसत होती. दोन बोटांच्या टोकांची कातडी सोलून निघाली होती, आत लाल होतं, कडेला पांढरं.  आणि दुखत नव्हतं. कुणा दुसऱ्याचाच हात पाण्यात बुडवून ठेवावा, तसा तो हात तिथं होता.

त्यानं हळूच पाण्यातच बोटं हलवली. हलत होती. पाणी गार होतं की गरम, तेही कळत नव्हतं.

ताई जवळच्या टायरवर मटकन बसली. "कधीपासून रे?" तिनं विचारलं. "मोठ्या, कधीपासून?"

"काय कधीपासून? काही नाही झालेलं. सवय आहे."

"पायांचं काय? परवा तुझी बायको सांगत होती, चप्पल कुठं गळून पडली ते तुला घरी येईपर्यंत कळलं नाही म्हणून. मी हसले होते रे. साखर तपासलीस का कधी?"

"घरात साखर येते ती चहापुरती, आणि तो चहाही..." दादा बोलता बोलता गप्प झाला. कोमट हा शब्द ओठांवर आला होता. तो त्यानं गिळला.

 गाडी मात्र लंगडतच होती. पुक, पुक, पुक, रिकामं. तिला कुणाच्या दुःखाचं काय?

छोट्या उठला. त्यानं डब्यात पाणी घेतलं आणि नळ्यांवर शिंपडलं. पहिल्या नळीवर चर्र झालं, पाणी उडून गेलं. दुसऱ्या नळीवर चर्र. तिसऱ्या नळीवरून पाणी निवांत ओघळलं. चौथ्या नळीवर चर्र.

"तिसरा," छोट्या म्हणाला. तो कुणाला सांगत होता कोण जाणे.

तिसऱ्या सिलिंडरची वायर प्लगवर घट्ट होती. दुसरं टोक डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये जातं. ते मागच्या अंगाला, इंजिन आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत. तिथं डोळा पोचत नाही. तिथं फक्त बोटांनी बघायचं असतं. वायर खोबणीत पूर्ण बसली, की बोटाला टक् लागतं.

छोट्यानं इंजिन बंद केलं. मग तो दादाकडे वळला. कपाळावरचा घाम पुसला. "दादा, कॅपला हात घालू का?"

एवढ्या वर्षांत त्यानं असं कधी विचारलं नव्हतं. हिसकलं होतं, ओरबाडलं होतं, चोरून हात घातला होता, पण विचारलं नव्हतं. दादाला वाटलं, नाही म्हणावं. सवयीनं जीभ टाळ्याला लागलीही.

"घाल," तो म्हणाला.

छोट्यानं हात फटीत सरकवला. चेहरा वाकडा करून, डोळे वर करून तो चाचपत राहिला. मग त्यानं दाबलं. एवढंसं टक् झालं, पण बंद इंजिनाच्या शांततेत ते तिघांनाही ऐकू आलं.

"ताई, आत बस. मार."

इंजिन सुरू झालं आणि सरळ चालायला लागलं. खड्डा नाही, रिकामं नाही. छोट्यानं कार्ब्युरेटरची तार ओढून रेस दिली, तरी ठोका चुकला नाही. इतके दिवस खोकणारी गाडी नव्या नवरीसारखी गुणगुणत होती. व्हॉल्व्ह शाबूत होते. वायर अर्धवट बसली होती, करंटला उडी मारून जावं लागत होतं, चढावर जोर पडला की उडी चुकत होती, आणि आज पुलावरच्या हिसक्यानं वायर आणखी निसटली होती. बस, एवढंच.

"स्पार्कच निघाला," दादा म्हणाला. त्याला वाटलं होतं, हे वाक्य आपण गॅरेज दणाणून सोडत म्हणू. "मी म्हणालो होतो ना. स्पार्कच."

"हो," छोट्या म्हणाला.

"व्हॉल्व्ह म्हणत होतास."

"म्हणत होतो. चुकलो."

भाऊ चुकलो म्हणाला, हे दादानं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. पण त्याची चव काही लागेना. तो टाकीत हात तसाच ठेवून उभा राहिला.

"जुनी वायर मीच बसवली होती, आणि नव्या टाकल्या तेव्हाही मीच दाबली होती ही," तो म्हणाला. "जोर लावून दाबली होती."

"दाबली असशील. बसली नाही."

"बसली की मला कळतं. टक् लागतं."

"लागलं होतं?"

 लागलं नव्हतं. तेव्हा दादाला वाटलं होतं, हल्लीच्या कॅपच भंगार, त्यांना टक् असं काही राहिलेलंच नाही. कॉइलमध्ये दम नाही, कॅपमध्ये टक् नाही, चहात ऊब नाही. एकेक करून सगळं जग बिघडत गेलं होतं, आणि त्यानं प्रत्येकाशी भांडण उकरून काढलं होतं. स्पेअरवाल्याशी, बायकोशी, या गाढवाशी. आणि सकाळी पुलावर ट्रकच्या तोंडाशी घसरणारी ताई.  त्यानं ताईकडे बघितलं नाही. बघायचं धाडस झालं नाही.

ताईनं पदरानं डोळे पुसले आणि छोट्याला म्हणाली, "उद्याचं काय मग?"

"काय म्हणजे? तुझ्यासमोर ठरलं ना? स्पार्क निघाला. मी शब्द दिलाय, मी काही बोलणार नाही." छोट्यानं पाना पेटीत आपटला. "यायचं तर येऊ दे त्याला. लोकांच्या गाड्या पेटवू दे. स्वतःचे हात जाळू दे. मी मूग गिळून बसेन. शब्द म्हणजे शब्द!" आणि त्याचा आवाज मधेच चिरका झाला, म्हणून त्यानं आणखी एक पाना आपटला.

दादानं हात पाण्यातून काढला. ताईनं धुतलेला रुमाल ओला करून त्याभोवती सैल गुंडाळला. "आधी दवाखाना," ती म्हणाली. "आत्ता."

"डॉक्टर काय, प्लग बदलणार माझे?"

"मोठ्या!"

"जातो. जातो म्हणालो." मग तो छोट्याकडे वळला आणि नेहमीसारखाच खेकसला, "उद्यापासून वायरी तू बसवायच्यास. ऐकतोस का? कॉइल तू धरायचीस. फेकला गेलास तरी तूच धरायचीस."

"मी? मेलो तर?"

"नाही मरत. मी इथं उभा राहून सांगेन, कशी धरायची ते. आणि तो मीटर आण एक. स्पेअरवाल्याकडून. मी नाही जाणार, तूच जा."

छोट्यानं मान हलवली. त्याच्या तोंडात काहीतरी खोचक आलं असणार, पण त्यानं ते गिळलं.

नाक्यावरच्या टपरीवरून चहा आला. ताईनं एक पेला छोट्याला दिला, एक दादासमोर बाकावर ठेवला. दादानं चांगल्या हातानं पेला उचलला आणि सवयीनं मुठीत गच्च धरला. त्याच्या तोंडून नेहमीचं वाक्य बाहेर पडणारच होतं. तो थांबला. पेल्यावर वाफ होती. मुठीत काहीच नव्हतं.

त्यानं पेला छोट्यापुढं केला.

"छोट्या," तो म्हणाला, "बघ रे. गरम आहे का हा?"

छोट्यानं पेल्याला बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं.

"आहे," तो म्हणाला. "ठेव खाली. जरा निवू दे."